तेनोच्तित्लान : खडकावरचा निवडुंग, एक माणूस आणि दोनदा साजरा झालेला सातशेवा वाढदिवस

मेक्सिको सिटी या शहराने आपला सातशेवा वाढदिवस दोनदा साजरा केला आहे. पहिल्यांदा मे २०२१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांच्या हस्ते. दुसऱ्यांदा जुलै २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शेनबाउम यांच्या उपस्थितीत. गंमत म्हणजे २०२१ मध्ये शेनबाउम याच शहराच्या प्रमुख होत्या. म्हणजे एकाच शहराचा एकच वाढदिवस दोन वेगवेगळ्या वर्षी, आणि दोन्ही वेळा सरकारी थाटात.

हा घोळ कारकुनी चुकीमुळे झालेला नाही. आजची मेक्सिको सिटी ज्या जुन्या शहराच्या अवशेषांवर उभी आहे, त्या तेनोच्तित्लानची स्थापना नेमकी कधी झाली, कोणी केली आणि त्याच्या नावाचा अर्थ काय, या तिन्ही प्रश्नांची शाळेच्या पुस्तकातली उत्तरं अगदी सोपी आहेत. साल १३२५. स्थापना अ‍ॅझ्टेक लोकांनी केली. अर्थ 'खडकावर उगवलेल्या निवडुंगाची जागा'. यातलं प्रत्येक उत्तर थोडं खरवडलं की खाली दुसरंच काही दिसायला लागतं.

आधी 'प्राचीन' आणि 'अ‍ॅझ्टेक' या दोन शब्दांबद्दल

अ‍ॅझ्टेक म्हटलं की आपल्याकडे इजिप्तच्या पिरॅमिडांइतकं जुनं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात हे शहर चौदाव्या शतकातलं. १३२५ साली दिल्लीत मुहम्मद बिन तुघलक गादीवर बसला आणि दोन वर्षांनी त्याने आपली राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवायचं ठरवलं. तेव्हा तेनोच्तित्लान दौलताबादच्या किल्ल्यापेक्षाही वयाने लहान आहे.

दुसरं म्हणजे, या शहरातले लोक स्वतःला अ‍ॅझ्टेक म्हणवत नव्हते. ते स्वतःला 'मेशिका' म्हणत. 'मेक्सिको' हे नाव त्यावरूनच आलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लिपीत 'एक्स' हे अक्षर 'श'च्या उच्चारासाठी वापरत, पुढे स्पॅनिश उच्चार बदलला आणि आपल्यापर्यंत ते इंग्रजीच्या वाटेने 'क्स' होऊन आलं. 'अ‍ॅझ्टेक' म्हणजे 'आस्तलानचे लोक'. आस्तलान ही त्यांच्या कथेतली मूळ भूमी, जी सोडून ते निघाले. त्यांच्याच परंपरेनुसार वाटेत त्यांच्या देवाने त्यांना सांगितलं की आता जुनं नाव टाका, यापुढे तुम्ही मेशिका. ते टाकलेलं नाव एकोणिसाव्या शतकात हुम्बोल्ट आणि प्रेस्कॉट यांच्या पुस्तकांमुळे जगभर पसरलं.

कोणालाच नको असलेले लोक

मेक्सिकोच्या खोऱ्यात तेव्हा मोठमोठी सरोवरं होती आणि त्यांच्या काठांवरच्या चांगल्या जमिनी आधीच वाटल्या गेल्या होत्या. पश्चिमेला अस्कापोत्साल्को, पूर्वेला तेश्कोको, दक्षिणेला कुल्हुआकान अशी बलाढ्य नगरं होती. या खोऱ्यात सर्वांत उशिरा आलेल्या टोळ्यांपैकी एक म्हणजे मेशिका. उशिरा येणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं. यांना तेही मिळेना.

आधी ते चापुल्तेपेक या टेकडीवर राहिले. (चापुल्तेपेक म्हणजे 'नाकतोड्याच्या टेकडीवर'. आज तिथे शहरातली सर्वांत मोठी बाग आहे.) शेजाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना तिथून हाकललं. मग कुल्हुआकानच्या राजाकडे त्यांनी आसरा मागितला. त्याने तिसापान नावाची साप बुजबुजलेली ओसाड जागा दिली. हेतू हा की साप परस्पर निकाल लावतील. काही दिवसांनी चौकशीला माणसं गेली, तर मेशिका साप भाजून खात होते.

पुढचा प्रसंग वाचायला जड आहे, पण कथेत तोच निर्णायक आहे. मेशिकांनी कुल्हुआकानच्या राजाकडे त्याची मुलगी मागितली. तिला आम्ही देवी करू, असं सांगितलं. राजाने मुलगी दिली. समारंभाला राजा आला, अंधाऱ्या देवळात धूप जाळला, आणि त्या उजेडात त्याला दिसलं की समोरच्या पुजाऱ्याने आपल्या मुलीची कातडी पांघरली आहे. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. मेशिकांना तलवारीच्या धाकाने सरोवरात, दलदलीत, बोरूच्या वनात पळावं लागलं.

तिथे, त्या चिखलात, त्यांना ती खूण दिसली जिचं वचन त्यांच्या देवाने, वित्सिलोपोच्त्लीने दिलं होतं. खडकावर उगवलेला निवडुंग आणि त्यावर पंख पसरून बसलेला गरुड.

हा निवडुंग तिथे कुठून आला, तेही कथा सांगते. वित्सिलोपोच्त्लीच्या बहिणीचा मुलगा कोपिल मामावर सूड उगवायला आला होता. चापुल्तेपेकच्या लढाईच्या वेळी तो मारला गेला. त्याचं हृदय काढून सरोवरात भिरकावलं, ते एका खडकावर पडलं आणि त्यातून निवडुंग उगवला. म्हणजे शहराच्या मुळाशी एका भाच्याचं हृदय आहे. हा तपशील लक्षात ठेवा, नावाच्या अर्थाशी त्याचा थेट संबंध आहे.

नाव फोडून पाहू

मेशिकांची भाषा नाउआत्ल. आजही मेक्सिकोत दहा लाखांहून अधिक लोक ती बोलतात. आपण रोज तिचे शब्द वापरतो. टोमॅटो हा मुळात 'तोमात्ल'. या भाषेतला 'त्ल' हा एकच आवाज आहे, त आणि ल सुटे उच्चारायचे नाहीत.

तेनोच्तित्लानचे तुकडे असे पडतात. 'तेत्ल' म्हणजे दगड. 'नोच्त्ली' म्हणजे फड्या निवडुंगाचं फळ, आपण ज्याला बोंड म्हणतो ते. शेवटी 'त्लान', म्हणजे 'जवळ, पायथ्याशी, मध्ये'. आणि मधला 'ति' हा फक्त सांधा.

मराठी माणसाला ही रचना समजायला मुळीच कठीण नाही. आपण 'झाड' आणि 'खाली' जोडताना 'झाडखाली' म्हणत नाही, 'झाडाखाली' म्हणतो. मधला 'आ' अर्थासाठी नाही, जोडण्यासाठी आहे. नाउआत्लमध्येही नामाचा सुटा असतानाचा शेवट, इथे 'त्ली', गळून पडतो, मध्ये 'ति' येतो आणि पुढे शब्दयोगी अव्यय लागतं. तेव्हा अगदी शब्दाला शब्द लावायचा तर हे नाव होतं 'खडकनिवडुंगापाशी'. वडगाव, पिंपळगाव, चिंचवड अशी झाडांवरून पडलेली गावांची नावं आपल्याकडे तालुक्यागणिक सापडतात. पुण्यात नाना पेठेत तर निवडुंग्या विठोबाच आहे; मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. त्याच जातीचं हे नाव. साधं, खुणेचं, वाट सांगण्यासारखं.

हा फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या माळरानावर तो इतका रुळलाय की तो बाहेरून आलाय यावर विश्वास बसत नाही, पण युरोपीय जहाजांनी अमेरिका गाठल्यानंतरच तो इकडे पोचला. ज्यांनी लहानपणी त्याची लाल बोंडं काटे घासून खाल्ली असतील त्यांना आठवत असेल, बोटं आणि जीभ रक्तासारखी लाल होतात.

ती लाली मेशिकांच्या नजरेतूनही सुटली नव्हती. याच निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यापासून ते किरमिजी रंग काढत, आणि त्या रंगाला म्हणत 'नोचेस्त्ली', म्हणजे नोच्त्लीचं रक्त. पुढे जाऊन, बळी दिलेल्या युद्धकैद्याच्या हृदयाला त्यांच्या धार्मिक भाषेत 'क्वाउनोच्त्ली' म्हणत. अर्थ, 'गरुडाचं बोंड'. गरुड म्हणजे सूर्य. सूर्याला आकाशात चालत राहायला हृदयांचं अन्न लागतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

आता गरुड निवडुंगावर बसून बोंडं खातोय, हे दृश्य पुन्हा पाहा. ज्याला ही भाषा कळत होती त्याला त्यात निसर्गदृश्य दिसत नव्हतं. सूर्य हृदयं खातोय, आणि ते झाड स्वतः एका हृदयातून उगवलंय, असं दिसत होतं. साध्या पत्त्यासारखं नाव त्यांच्या धर्माच्या भाषेत ऐकलं की एवढं गंभीर होतं.

पण तेनोच नावाचा माणूसही होता

इथवर सगळं जुळलं. अडचण अशी की जुन्या साधनांमध्ये तेनोच नावाचा एक पुढारी आहे, आणि शहर त्याच्या नावावरून ओळखलं जातं असंही जुने लेखक सांगतात.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे कोडेक्स मेंदोझा हे चित्रमय हस्तलिखित. स्पॅनिश विजयानंतर साधारण वीस वर्षांनी, १५४१च्या सुमारास, ते स्थानिक चित्रकारांनी तयार केलं. ते स्पेनच्या राजाकडे जायचं होतं, पण वाटेत फ्रेंच चाच्यांच्या हाती पडलं, फ्रेंच राजाच्या पदरच्या आंद्रे तेवेकडून पुढे इंग्लंडात गेलं आणि आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या सुरुवातीच्या पूर्ण पानाच्या चित्रात निळ्या पाण्याने वेढलेला चौकोन आहे, त्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कालव्यांनी चार भागांत छेदलंय, मधोमध खडकावर निवडुंग आणि त्यावर गरुड. भोवती दहा पुरुष बसले आहेत. त्यातला एक वेगळा आहे. त्याचं अंग पुजाऱ्यासारखं काळं रंगवलंय, तो विणलेल्या चटईवर बसलाय, आणि त्याच्या तोंडासमोर बोलण्याची खूण आहे. हा तेनोच.

या चित्रांत माणसाचं नाव एका छोट्या चित्राने लिहितात आणि रेघेने त्याला जोडतात. तेनोचच्या मागे जोडलेलं चित्र कोणतं? दगडावर उगवलेला निवडुंग. शहराचं नावचिन्हही तेच. म्हणजे एका पानावर एकच चित्र दोनदा येतं, एकदा मोठं होऊन शहर म्हणून आणि एकदा लहान होऊन माणूस म्हणून.

मग शहरावरून माणसाला नाव मिळालं की माणसावरून शहराला? चित्रलिपी याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण तिच्यात दोन्ही सारखेच दिसतात. गावाचं नाव आधी असावं आणि ते समजावून सांगण्यासाठी नंतर तेनोच नावाचा मूळपुरुष उभा राहिला असावा, असं जगभरच्या गावांच्या कथा पाहता म्हणावंसं वाटतं. मला तरी हेच पटतं. मात्र तेनोच पूर्ण काल्पनिक होता असं म्हणायलाही काही आधार नाही. खडकावरच्या निवडुंगाच्या नावाचा माणूस त्या समाजात असणं अजिबात विचित्र नव्हतं.

भाषातज्ज्ञांनी यात आणखी एक पाचर मारून ठेवली आहे. नाउआत्लमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, जसा आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन'मध्ये बदलतो. निवडुंगाच्या 'नोच्त्ली'मधला 'ओ' दीर्घ आहे. पण स्पॅनिश लेखनात ऱ्हस्व-दीर्घ दाखवतच नसत, त्यामुळे शहराच्या नावातला 'ओ' कसा होता हे बहुतेक कागदांवरून कळत नाही. 'बँक्रॉफ्ट संवाद' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जुन्या नाउआत्ल हस्तलिखितात मात्र तशा खुणा आहेत, आणि तिथे तो 'ओ' ऱ्हस्व आहे. एवढ्या एका खुणेवरून 'खडकनिवडुंग' हा सगळा अर्थच मोडीत काढणं घाईचं ठरेल. पण काही अभ्यासक आजही या नावाची व्युत्पत्ती 'अनिश्चित' या खान्यात टाकतात, त्यामागे ही एक मात्रा आहे.

स्पॅनिश लोकांची तर या नावापुढे फार पूर्वीच दमछाक झाली होती. एर्नान कोर्तेस आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत शहराला 'तेमिश्तितान' म्हणतो. शेवटी 'मेक्सिको' हे सोपं नाव राहिलं आणि दुसरं मागे पडलं.

खडक नसलेल्या जागी खडकाचं नाव

आता नावातल्या 'दगडा'कडे वळू, कारण इथे कथा आणि जमीन यांचं जमत नाही.

ज्या बेटावर मेशिका उतरले ते सखल आणि चिखलाचं होतं. घर बांधायला तिथे ना दगड होता ना लाकूड. डोमिनिकन पाद्री दिएगो दुरान याने सोळाव्या शतकात जुन्या परंपरा गोळा करून इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की या लोकांनी सरोवरातले मासे, बेडूक, पाणकिडे पकडून काठावरच्या बाजारात नेले आणि त्या बदल्यात दगड आणि लाकूड आणलं. पहिलं देऊळ म्हणजे बोरू आणि मातीची झोपडीवजा रचना होती.

बेटही त्यांचं नव्हतं. ते अस्कापोत्साल्कोच्या हद्दीत येत होतं आणि तिथे राहायचं तर खंडणी भरावी लागणार होती. दुरानच्या कथेत अस्कापोत्साल्कोचा राजा मुद्दाम अशक्य खंडणी मागतो. भाज्या लावलेला तरंगता मळा आणा, आणि त्यावर अंडी उबवत बसलेलं बदक असू द्या, तेही असं की माझ्यापर्यंत पोचेपर्यंत पिल्लं बाहेर येतील. दंतकथा आहे, पण मालक आणि कुळ यांच्यातलं नातं तिच्यात स्पष्ट दिसतं. वस्तीतही एकी टिकली नाही. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत एक गट फुटला आणि त्याने शेजारच्या बेटावर त्लातेलोल्को हे वेगळं गाव वसवलं.

तेव्हा वस्तुस्थिती अशी की हाकललेल्या लोकांचा एक जमाव, दुसऱ्याच्या मालकीच्या दलदलीत, खंडणी देऊन राहू लागला. आणि आपल्या हाती असलेली गोष्ट अशी की देवाने निवडलेली प्रजा, देवाने दाखवलेल्या खुणेच्या जागी, ठरल्या वेळी पोचली. पहिलीतून दुसरी कशी झाली?

जाळलेल्या पोथ्या

सुमारे शंभर वर्षांनी परिस्थिती उलटली. १४२८ साली तेनोच्तित्लानचा राजा इत्सकोआत्ल याने तेश्कोकोच्या मदतीने अस्कापोत्साल्कोचा पाडाव केला. कालचं कूळ आज मालक झालं. ज्याला आपण अ‍ॅझ्टेक साम्राज्य म्हणतो ते खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं.

यानंतर इत्सकोआत्लने एक काम केलं, ज्याची नोंद फ्रान्सिस्कन पाद्री बेर्नार्दिनो दे साआगुन याने म्हाताऱ्या मेशिकांच्या तोंडून ऐकून ठेवली आहे. राजाने आणि सरदारांनी जुन्या इतिहासाच्या चित्रपोथ्या जाळून टाकल्या. कारण दिलं ते असं, की सगळ्यांनाच हे सारं माहीत असण्याची गरज नाही, त्यात खोटंही बरंच आहे, आणि त्याने राज्यकारभाराची अब्रू जाते.

म्हणजे स्थापनेची जी कथा आज मेक्सिकोच्या झेंड्यावर आहे, ती ज्या साधनांतून आली ती सगळी या जाळपोळीनंतरची आहेत. कोडेक्स मेंदोझा शंभराहून अधिक वर्षांनंतरचा. दुरान आणि साआगुन त्याहून पुढचे. त्या खऱ्या दलदलीत उतरलेल्या माणसाने काढलेलं एकही पान आपल्याजवळ नाही. स्पॅनिश पाद्र्यांनी पोथ्या जाळल्या हे सर्वांना ठाऊक असतं, आणि ते खरंही आहे. पण पहिली होळी घरच्यांनीच पेटवली होती.

कथा पूर्णपणे रचलेली आहे असा याचा अर्थ काढायची गरज नाही. साप खाण्याचा, हाकलले जाण्याचा भाग कोणत्याही दरबाराने हौसेने घातला नसता. तो आधीचाच असणार. पण गरुड, हृदय आणि सूर्य या साखळीतून 'जग चालवण्याची जबाबदारी आमच्यावर आहे, म्हणून आम्ही युद्ध करतो आणि कैदी आणतो' हे जे सिद्ध होतं, ते १४२८ नंतरच्या राज्याला फार सोयीचं होतं. दलदलीत राहणाऱ्या कुळाला त्याचा काय उपयोग?

साल कुठून आलं?

नाउआत्ल कालगणनेत वर्षाला नाव असतं. घर, ससा, बोरू आणि गारगोटी या चार खुणा आणि १ ते १३ हे आकडे, दोन्ही एकाच वेळी पुढे सरकत जातात. अशी ५२ नावं होतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आपल्या संवत्सरांसारखंच हे आहे, फक्त आपलं चक्र ६० वर्षांचं. २०२५च्या गुढीपाडव्याला 'विश्वावसु' संवत्सर लागलं, तेच १९६५लाही लागलं होतं. कोणी नुसतं 'विश्वावसु संवत्सरात गाव वसलं' असं लिहून ठेवलं, तर साल ओळखायला बाहेरचा आधार लागणारच.

तेनोच्तित्लानच्या बाबतीत अनेक साधनं 'दोन-घर' हे वर्ष देतात. शहर पडलं ते १३ ऑगस्ट १५२१ रोजी, आणि ते वर्ष 'तीन-घर' होतं हे माहीत आहे. त्यावरून मागे मोजत गेलं की एक 'दोन-घर' १३२५ला येतं. मात्र सगळी साधनं हेच वर्ष देत नाहीत. शिवाय १३ एप्रिल १३२५ रोजी त्या खोऱ्यात मोठं सूर्यग्रहण दिसलं होतं, असं खगोलशास्त्राचं गणित सांगतं. त्यामुळे काही अभ्यासकांना वाटतं की सूर्यपूजक राज्याने आपल्या स्थापनेसाठी हे वर्ष नंतर निवडलं असावं. निवाऱ्याच्या शोधात असलेल्या माणसांच्या वस्तीला एक ठरावीक वाढदिवस नसतोच, तो मागाहून ठरवावा लागतो.

२०२१ साली तेच झालं. १५२१च्या पराभवाला ५०० वर्षं आणि १८२१च्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत होती. त्यात शहराची ७०० वर्षं बसवली की मोठा सोहळा होतो. म्हणून स्थापनेचं साल १३२१ धरलं गेलं. इतिहासकारांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी यावर उघड नाराजी व्यक्त केली. चार वर्षांनी सरकार पुन्हा १३२५वर आलं.

सापाचं काय?

मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड साप खातोय. कोडेक्स मेंदोझातल्या गरुडाकडे साप नाही. दुरानच्या हस्तलिखितातल्या चित्रांत एकदा साप आहे, एकदा पक्षी. १९२६ साली मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय प्रासादाच्या पायातून एक कोरीव दगड बाहेर काढला. देवळाच्या आकाराचा हा दगड स्पॅनिश येण्याआधीचा आहे, म्हणून त्याची साक्ष मोलाची. त्याच्या मागच्या बाजूला निवडुंगावरचा गरुड आहे, आणि त्याच्या चोचीतून निघतेय ती पाणी आणि आग यांची एकमेकांत गुंफलेली खूण. नाउआत्लमध्ये 'पाणी-जाळ' म्हणजे युद्ध. गरुड काही खात नाही, तो युद्धाची ललकारी देतोय. ही वळणावळणाची खूण पुढच्या लोकांनी साप म्हणून वाचली असावी, हा अंदाज बऱ्याच अभ्यासकांना पटतो. युरोपीय नजरेला सापाला मारणारा गरुड ओळखीचाही होता. पुण्य पापाला मारतंय, असा त्याचा ख्रिस्ती अर्थ सहज लागतो.

तरीही १६४२ साली बिशप हुआन दे पालाफोश याने शहरातल्या इमारतींवरची ही मूर्तिपूजक चिन्हं काढून टाकायचा हुकूम दिला. स्वातंत्र्यानंतर १८२३च्या संसदेने गरुडाला, निवडुंगाला आणि सापाला राष्ट्रचिन्हात पक्की जागा दिली.

जमिनीखाली

२१ फेब्रुवारी १९७८ रोजी पहाटे वीज कंपनीचे कामगार मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकाजवळ खोदत असताना त्यांना एक प्रचंड गोल शिळा लागली. सव्वातीन मीटर व्यासाच्या त्या शिळेवर वित्सिलोपोच्त्लीच्या बहिणीची, कोयोल्शाउकीची, तुकडे केलेली आकृती कोरलेली होती. पुढे एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं आणि शहराचं मुख्य देऊळ, तेम्प्लो मायोर, उघडं झालं.

हे देऊळ कांद्यासारखं आहे. प्रत्येक राजाने जुनं न पाडता त्याच्यावर नवं, मोठं कवच चढवलं. असे सात मुख्य टप्पे आहेत. सर्वांत बाहेरचा, जो कोर्तेसने १५१९ साली पाहिला, तो स्पॅनिश लोकांनी पाडला. सर्वांत आतला जो चांगला टिकून आहे तो दुसरा टप्पा. त्याचा काळ साधारण १३९०च्या आसपासचा धरतात. त्याच्या माथ्यावर दोन गाभारे शेजारी शेजारी आहेत, एक वित्सिलोपोच्त्लीचा, दुसरा पावसाचा देव त्लालोक याचा.

त्याच्या आत पहिला टप्पा आहे, म्हणजे बोरू आणि मातीचं ते पहिलं देऊळ जिथे होतं ती जागा. तिथे खडक आहे का, निवडुंगाच्या मुळांची काही खूण आहे का, हे पाहता आलेलं नाही. दुसऱ्या टप्प्याच्या खाली थोडं उतरलं की पाणी लागतं. सरोवर केव्हाच बुजवलं गेलं, पण त्या खोलीवर ते अजून आहे.